मेन पाडली का जी?

तुरीत रानडुकरं शिरतात म्हणून जागलीला बसलेली चार पोरं, मध्ये शेकोटी आणि शेकोटीच्या पलीकडे घोंगडी पांघरलेला बाबूसिंग. एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून रिटायर झालेला लाइनमन. पोरांपैकी एकानं मोबाइलवर भुताचा कसलासा व्हिडिओ लावला होता. किंकाळ्या, ढोल, दारं आपटणं. बाबूसिंगनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि काडीनं निखारा उकरत म्हणाला, "बंद कर बे ते. मेलेला मानूस एवढा बोंबलत नसते."

"मंग काय करते काका?"

"इचारते. एकच गोष्ट इचारते." त्यानं काडी आगीत टाकली. "आपला फकिरा वायरमन होता ना, त्याचा पोरगा धम्मरत्न. यवतमाळले साउंडच्या दुकानात हाय. त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. अन् शेवटचं जे सांगीन, ते ह्या डोळ्यांनं पाह्यलेलं हाय."

आणि त्यानं सांगितलं.

गुरुवार होता. २०२४ च्या डिसेंबरची बारा तारीख, दत्तजयंतीला दोन दिवस राहिलेले. दुपारी साडेतीनला दुकानाच्या मालकानं धम्मरत्नला हाक मारली. घाटंजीच्या एका बाईंनी स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे रेकॉर्डिंगच्या स्पीकरची, जोडी मागवली होती. लहान मुलांच्या गोष्टी वाचून त्या घरीच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायच्या. "नेऊन दे अन् जोडूनही दे," मालक म्हणाला. "बाईंना त्यातलं काही समजत नाही."

हे धम्मरत्नचं आवडतं काम. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, ह्या स्पीकरला अ‍ॅम्प्लिफायर कोणता लावू? तो सांगायचा, लावायचाच नाही, तो ह्याच्या पोटात आहे. म्हणून तर दोघांनाही आपापला वेगळा प्लग लागतो. आणि हे गोड बोलणारे स्पीकर नव्हेत. तुम्ही खोकलात तर खोकलाच ऐकवणार.

दोन्ही खोकी मोटरसायकलला बांधून तो निघाला. रस्त्याला कापसानं भरलेले ट्रॅक्टर होते, त्यांच्या मागे मागे जावं लागलं. घाटंजीत शिरल्यावर फोनवरचं लोकेशन बघत, गल्ल्या वळत, तो एका फाटकासमोर थांबला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. फाटकावर पितळी पाटी होती. रामराव गावंडे.

गाडी बंद करायची त्याला आठवणच राहिली नाही. ती तशीच धडधडत होती.

ह्या फाटकापाशी तो एकदा उभा राहिला होता. तेरा वर्षांचा असताना, २०११ च्या मे महिन्यात, भर दुपारी. गावंड्यांच्या कूलरला करंट येत होता म्हणून फकिराला बोलावणं आलं, आणि तासाभरात दुसरं बोलावणं आलं, ते त्याच्या बायकोला, कौसल्याला. ती पोरासकट धावत आली तोवर अंगणात माणसं जमली होती आणि सगळी एकच वाक्य बोलत होती. पिऊन आला होता. पिऊन आला होता म्हणून चिकटला. फकिराच्या शर्टाला दारूचा भपकारा येत होता, हे खरं. पण फकिरानं जन्मात घोट घेतला नव्हता. पंचशील म्हणताना शेवटच्या, दारू न पिण्याच्या शीलाला तो मुद्दाम आवाज चढवायचा, वस्तीतले पिणारे ऐकोत म्हणून.

कौसल्यानं त्याला अंघोळ घातली आणि बाहेर येऊन जमलेल्यांना म्हणाली, "वास शर्टाले हाय. तोंडाले नाई."

कुणी ऐकलं नाही. ती दोन महिने ज्याला त्याला सांगत राहिली, मग गप्प झाली आणि पोराला घेऊन आर्णीला भावाकडे गेली. नाव मात्र मागोमाग तिथंही पोचलं. शाळेत धम्मरत्नला कुणी धम्मरत्न म्हणत नसे. बेवड्या वायरमनचा, म्हणत.

इथं बाबूसिंग थांबला. पोरांकडे न बघता म्हणाला, "त्या अंगनात मी बी होतो. ड्यूटीवर. खाली वाकलो तवा मले बी समजलं होतं का वास कुठून येऊन राह्यला. बोललो नाई. मोठ्या मानसाचं घर होतं." तो आगीत थुंकला. "चाला. पुढचं ऐका."

फाटक उघडून एक तिशीची बाई बाहेर आली. "दादा, दुकानातून आले ना? या ना. केव्हाची वाट पाहून राह्यली मी." ही सुरभी, रामरावांची सून. नवरा पुण्याला कंपनीत. लग्न होऊन ती ह्या घरात आली त्याला चार वर्षं झालेली, आधीचं तिला काही ठाऊक नव्हतं.

खोकी इथंच ठेवतो आणि जातो, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण तिनं एक खोकं स्वतःच उचललं आणि ती चालू लागली. त्याला ते घर आतून बघायचंच होतं. त्यानं दुसरं खोकं उचललं.

हॉलमध्ये मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा मांडलेली होती आणि समोर आरामखुर्चीत, काठी बाजूला टेकवून, रामराव टीव्ही बघत होते. जिनिंगमध्ये मॅनेजर होते पूर्वी. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे.

"कोन हाय?"

"स्पीकरवाले दादा आहेत, मामाजी."

"कुठचे?"

"आर्णीचा," धम्मरत्न म्हणाला.

"नाव काय तुमचं?"

"धम्मरत्न."

म्हाताऱ्यानं नाव ऐकलं, त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं. "बरं. चपला बाहेर काढल्या ना?"

धम्मरत्नच्या पायांत मोजे होते. बूट त्यानं पायरीवर काढले होते.

सुरभीची खोली मागच्या बाजूला होती. "इथं कोणी झोपत नाही, म्हणून मले मिळाली," ती हसून म्हणाली. भिंतीत मोठी खिडकी होती आणि तिला बाहेरून पत्रा ठोकलेला होता. कूलरची खिडकी. धम्मरत्ननं त्या पत्र्याकडे पाठ केली आणि खोकं फोडलं.

काम त्यानं नीट केलं. डोक्यात आग होती, पण हात बापाचे होते. टेबल भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं. एक स्पीकर डावीकडे, एक उजवीकडे, दोन्हींची तोंडं सुरभीच्या खुर्चीकडे वळवली, वरचा छोटा पडदा तिच्या कानाच्या रेषेत येईल अशी खाली लाकडं दिली. कॉम्प्युटरला तिची रेकॉर्डिंगची छोटी पेटी लावलेली होतीच. त्या पेटीच्या मागून दोन केबली काढल्या, डावी डाव्याला, उजवी उजव्याला. दोघांचे प्लग भिंतीतल्या बोर्डात घातले.

"चालू करताना आधी कॉम्प्युटर, मग ही पेटी, अन् सगळ्यात शेवटी स्पीकर. बंद करताना उलटं, आधी स्पीकर. नाहीतर धप्पकन आवाज येते अन् पडदा फाटते."

"लिहून घेऊ का दादा?"

"लक्षात राहते ताई."

त्यानं आवाजाची बटणं खाली नेली आणि आधी डावा, मग उजवा स्पीकर चालू केला. दोघांचे निळे दिवे लागले.

आणि आवाज आला. हूंऽऽऽ.

बारीक. जाड मानेच्या माणसानं तोंड मिटून केल्यासारखा.

"हे असंच राहते का?" सुरभीनं विचारलं.

"नाही. हे यायलेच नाही पाहिजे."

त्यानं केबली बदलून पाहिल्या. डाव्याची उजव्याला लावली. हूं तसाच. केबली काढल्या की जायचा, कॉम्प्युटरशी जोडल्या की यायचा. त्यानं कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्यावर बोटाची मागची बाजू टेकवली. झिणझिण झालं.

"ते तर रोज होते," सुरभी म्हणाली. "मी पायात स्लीपर घालूनच बसते."

धम्मरत्ननं तिच्या पायांतल्या स्लीपरांकडे बघितलं. मग त्यानं विचारलं, "मेन कुठी हाय?"

मेन खोलीबाहेरच्या बोळात होती, जुनी, लोखंडी, बाजूला खटका असलेली. त्यानं खटका खाली ओढून मेन पाडली, हॉलमधला टीव्ही बंद पडला, मग बॅटरीच्या उजेडात खोलीतला बोर्ड खोलला आणि पकड टेबलावर ठेवली. तिसऱ्या भोकाला हिरवी वायर होती, व्यवस्थित आवळलेली. त्यानं बोर्ड तसाच उघडा ठेवला, मेन चढवली आणि झोळीतून टेस्ट लॅम्प काढला. होल्डरात बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढंच ते असतं. एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला. बल्ब लख्ख पेटला. आता एक फेजला आणि दुसरं त्या हिरव्या वायरीला. बल्ब मेल्यासारखा गप्प. वायर जमिनीत पोचतच नव्हती.

"ताई, अर्थिंगचा खड्डा कुठी हाय ह्या घराचा?"

मागच्या अंगणात, मोरीच्या पलीकडे, सिमेंटचं चौकोनी झाकण होतं. त्यावर ऑइलपेंटनं रेखून लिहिलेलं: अर्थिंग. वर द्वादशीचं चांदणं होतं, बॅटरीचीही फार गरज नव्हती. भिंतीतून हिरवी वायर खाली येऊन झाकणाच्या कडेला शिरलेली स्पष्ट दिसत होती. धम्मरत्ननं पेचकसानं झाकण उचकटलं.

आत चार विटा. विटांखाली मुरूम. खड्डा नव्हताच. हिरव्या वायरीचं टोक विटेखाली दाबून ठेवलेलं होतं, हातभरसुद्धा लांब नाही. कशाला जोडलेलं नाही, कुठं जात नाही.

त्यानं फोननं फोटो काढला. तो हलला, म्हणून दुसरा काढला.

वायरमन माणूस घरात येतो, हिरवी वायर बघतो, अंगणात झाकण बघतो आणि भरवसा ठेवतो. झाकण उघडून कुणी बघत नाही. त्याचा बाप ह्याच मोरीपाशी हात धुऊन कूलरकडे गेला असेल. त्यानं हे झाकण बघितलं असेल. असेल नाही, बघितलंच. आणि त्या कूलरच्या पत्र्यावर आलेल्या करंटला जमिनीत जायला वाट ठेवलेलीच नव्हती. मग तो गेला फकिरातून. आणि नाव दारूचं.

"दादा?" सुरभी मागे उभी होती. "काही बिघडलं काय?"

"बिघडलं," तो म्हणाला. "लय दिवसांचं बिघडलेलं हाय."

तो आत आला. आधी झोळी भरायची आणि मग हॉलमध्ये जाऊन म्हाताऱ्याच्या पुढ्यातला टीव्ही बंद करायचा, एवढं त्यानं ठरवलं होतं. घड्याळात सात चाळीस झाले होते.

खोलीत हूं चालू होता. आणि तो वाढला होता.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला. हूं.

दोन्ही केबली उपटून काढल्या. हूं.

उजव्या स्पीकरचा प्लग काढला. त्याचा दिवा विझला. हूं फक्त डावीकडून यायला लागला. त्यानं डाव्याचा प्लग काढला...

हूंऽऽऽ.

प्लग त्याच्या हातात होता. निळा दिवा जळत होता. सुरभीनं प्लगकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

हूं थांबला. आत कुणीतरी खाकरलं.

"मेन पाडली का जी?"

माणसाचा आवाज. शांत. कामाच्या मध्येच मान वळवून विचारावं तसा.

धम्मरत्न स्पीकरकडे वाकला. तेरा वर्षांत हा आवाज त्यानं आठवायचा किती प्रयत्न केला होता. बापाचा चेहरा फोटोत होता, आवाज कशातच नव्हता. तो हाच. शेवटचा तो ‘जी’ किंचित वर नेलेला... हाच.

आणि मग हॉलमधून, टीव्हीच्या गोंगाटातून, रामरावांचा आवाज आला. सहज. बसल्या जागेवरून.

"हो. पाडली."

टीव्ही बंद झाला.

घरात कशाचाच आवाज नव्हता. खुर्ची करकरली. पावलं आली, काठीशिवाय. म्हातारा दारात उभा राहिला. तोंड पांढरं पडलेलं.

"मामाजी," सुरभी म्हणाली, "तुम्ही कोणाले उत्तर दिलं?"

"कोनाले नाई."

"मेन पाडली का जी?"

ह्या वेळी मोठ्यानं. स्पीकरचा काळा पडदा पुढं येऊन मागं गेला, दिसण्याइतका. म्हाताऱ्याचे ओठ हलले. हो म्हणायलाच हलले. त्यानं ते हातानं दाबून धरले.

"माहीत हाय का मी कोन?" धम्मरत्न म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येत नव्हता. "मघाशी नाव इचारलं तुमी. बापाचं नाई इचारलं. फकिरा. फकिरा वायरमनचा पोरगा मी. बेवड्याचा."

"बंद कर ते!"

"बंदच हाय." त्यानं प्लग वर धरला. "पाहा. बंदच हाय काकाजी."

"मेन पाडली का जी? मेन पाडली का? मेन—"

खिडकीचा पत्रा थरथरायला लागला. टेबलावरची पेन्सिल घरंगळत खाली पडली. आवाज चढत होता, आणि आता त्यात शांतपणा उरला नव्हता. उन्हात उभा राहून तीनदा विचारणाऱ्या आणि तिन्ही वेळा फसवलं गेलेल्या माणसाचा आवाज होता तो. सुरभी कान झाकून खाली बसली. म्हातारा पुढं आला, धडपडला, टेबलावर राहिलेली धम्मरत्नची पकड त्यानं उचलली. "तारच तोडतो," तो पुटपुटत होता, "तारच तोडून टाकतो ह्याची..." आणि तो वळला भिंतीतल्या बोर्डाकडे. उघड्या बोर्डाकडे. पकडीच्या दांड्यांवरचं रबर केव्हाच गेलेलं होतं.

धम्मरत्न उडी मारून बोळात गेला. मेनच्या खटक्यावर हात ठेवला. खटका वर होता. घरभर करंट होता.

तिथून दारातून त्याला म्हातारा दिसत होता. पकड तांब्यापासून दोन बोटांवर. तिथं म्हातारा थांबला. तारेला हात लावण्याआधी विचारायची सवयच असते ती माणसाची. मान न वळवता त्यानं विचारलं,

"मेन पाडली का?"

स्पीकर गप्प झाला.

एकदम. जसं कुणी ऐकायला थांबलं.

धम्मरत्नच्या तोंडात शब्द तयार होता. एका अक्षराचा. तो म्हणायलाही नको, नुसता हुंकार पुरे. कुणाला कळलं असतं? म्हातारा माणूस, उघडा बोर्ड, हातात पकड. शर्टावर दारू ओतायचीही गरज नव्हती. तेरा वर्षं. शाळेतलं ते नाव. आईचं ते दोन महिने दारोदार सांगणं... आणि मग तिचं गप्प होणं...

निळा दिवा जळत होता. वाट बघत होता.

सुरभीनं मान वर केली. तिनं त्याच्याकडे बघितलं. तिला समजलं होतं.

"काहो," म्हातारा म्हणाला. "पाडली का?"

एक श्वास.

दुसरा.

"नाई," धम्मरत्न ओरडला. "नाई पाडली! हात मागं घ्या! मागं घ्या म्हणतो ना!"

आणि त्यानं खटका खाली ओढला.

अंधार. पकड फरशीवर पडल्याचा आवाज. अख्ख्या घरात दिवा नाही, फक्त डाव्या स्पीकरचा तो निळा ठिपका. तो तसाच राहिला, हळू दहा म्हणावे इतका वेळ. मग धप्प झालं आणि तोही गेला.

अंधारात म्हातारा बोलायला लागला. कुणी विचारलं नव्हतं.

"मॅच चालू होती टीव्हीवर. तो इचारे... मी हो म्हनलो. मेन पाडली असती तर टीव्ही गेला असता."

"अन् अर्थिंग?" धम्मरत्ननं विचारलं.

"दोन फुटांवर दगड लागला. तेवढा कोन फोडत बसते... बुजवून वर झाकन बसवून घेतलं."

"अन् शर्ट?"

सुरभी रडत होती, त्याचा आवाज येत होता.

"बाटली घरातच होती," रामराव म्हणाले.

धम्मरत्ननं काळोखातच झोळी भरली. दारात येऊन तो सुरभीला म्हणाला, "ताई, अर्थिंग होईपर्यंत मेन चढवू नका. तुमच्या अंगाले करंट येते." अंगणात येऊन त्यानं ते झाकण पायानं ढकलून जागेवर बसवलं आणि तिथूनच बाबूसिंगला फोन लावला. रात्रीचे आठ वीस. "काका, उद्या सकाळी पहार घेऊन या. खड्डा खोदायचा हाय. त्या घरी. हो, त्याच घरी." बाबूसिंग म्हणाला, "येतो बाप्पा. मी तवाच यायले पाह्यजे होतो."

सुरभीनं पहाटे सहाला सासऱ्याला गाडीत बसवलं आणि आर्णीला नेलं. कौसल्या दारात भांडी घासत होती. म्हातारा तिच्यासमोर उभा राहिला आणि जे अंधारात बोलला होता ते पुन्हा बोलला. कौसल्या घासत राहिली. त्याचं संपल्यावर तिनं राखेचे हात झटकले.

"मले काहून सांगता? मले तवाच माहीत होतं. ज्याह्यच्या समोर माह्या मानसाले बेवडा म्हनलं, त्याह्यच्या समोर सांगा."

"चुकलो मी, माय. माफ कर."

"माय म्हनू नोको मले. अन् माफी मागू नोको, भेटनार नाई. सांग फक्त."

पुढच्या आठवडी बाजारात, भर दुपारी, रामराव गावंड्यांनी सांगितलं. पहिल्यांदा आवाज निघाला नाही. लोक म्हणाले, बुढा काय म्हणून राह्यला? सुरभीनं दंड धरून त्याला पुन्हा सांगायला लावलं, मोठ्यानं. कौसल्या समोर उभी होती, धम्मरत्नच्या शेजारी. सगळं ऐकून झाल्यावर तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हाताऱ्याकडे एकदाही न बघता ती बस स्टँडकडे चालू लागली. राग तिचा गेला नव्हता. अजूनही नाही.

बाबूसिंगनं हात शेकोटीवर धरले. शेकोटी बसत आली होती. तुरीत कुठंतरी काही खसपसलं आणि पोरं एकमेकांना चिकटली.

"मंग... शेवटचं काका?"

"हो." त्यानं घोंगडी अंगाभोवती ओढली. "शुक्रवारी सकाळी सातले मी त्या अंगनात उभा. घरात कोनीच नाई, सून अन् बुढा आर्णीले गेलते, धम्मरत्न अजून यायचा होता. दोन मजूर, पहारी, छिन्नी, हातोडा. दगड हाय म्हनलं होतं ना धम्मरत्ननं. त्यानं राती काढलेला फोटो बी मह्या फोनवर होता. चार इटा अन् मुरूम. मजुराले म्हनलं, उचल बे झाकन."

त्यानं हातानं चौकोन दाखवला.

"इटा नव्हत्या. मुरूम नव्हता... काळा दगड. चौकोनी फोडलेला, फकिरा सूत लावून फोडे तसा. मधात पाइप उभा. पाइपाच्या भवती कोळसा, मीठ, कोळसा, मीठ... थर दिलेले. हिरवी वायर पाइपाले नटानं आवळलेली. मी मेन चढवली, टेस्ट लॅम्प लावला. लख्ख."

"कोनी केलं?"

"अंगनात मातीचा एक ढेकूळ नाई. दगडाची एक कपची नाई. पायाचा ठसा नाई. तिघांले मिळून चार दिवस लागते ते काम." बाबूसिंगचा आवाज खाली आला. "अर्थिंग केली का शेवटी त्यात पानी ओतावं लागते. मीठ मुराले. मी वाकून पाह्यलं. ओतलेलं होतं... नुकतंच. मुरून राह्यलं होतं ते. खालून बुडबुडे येत होते..."